चौदाव्या टोपलीपाशी

कळवा
३ नोव्हेंबर २०२५

मृणाल,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आम्ही दोघंही खाऊनपिऊन ठणठणीत आहोत. तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला एकवीस महिने झाले, म्हणून हा टपालाचा रस्ता. पत्ता बाबांनी दिला. दिला म्हणजे लाइट बिलाच्या मागे लिहून फ्रिजवर लावून ठेवला, आणि मी विचारलं तर म्हणतात, "कोणाचा आहे कोण जाणे." रोज संध्याकाळी गॅलरीत जाऊन तुझ्याशी कुजबुजतात ते मला कळत नाही असं त्या माणसाला वाटतं. चौतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलीय मी. पाठ फिरवलेली असली तरी मागच्या रांगेत कोण बोलतंय ते मला कळतं.

आधीच सांगते, हे माफीचं पत्र नाही. माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही. काम आहे म्हणून लिहितेय. दिवाणाखाली तुझी चकत्यांची बॅग पडून आहे, झाडू मारताना दर वेळी आडवी येते. म्हैसूरला पाठवू, की कोणाला देऊन टाकू, तेवढं कळव. सोळा चकत्या आहेत.

सतरा होत्या, माहितीय मला. सतरावीचं नंतर सांगते.

खालच्या मजल्यावरच्या बाई परवा विचारत होत्या, तुमची मृणाल नक्की खेळायची तरी काय. मी म्हटलं, ताटलीएवढी प्लास्टिकची चकती असते. ती डोंगरावर लांबून फेकायची आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत पाडायची. अशा अठरा टोपल्या. ज्याला कमी फेकी लागल्या तो जिंकला. डिस्क गोल्फ म्हणतात. तर म्हणाल्या, "मग यात मायलेकींनी अबोला धरण्यासारखं काय आहे?" मी दार लावून घेतलं.

आता तुला सांगते, कारण तू त्या दिवशी माझं ऐकून घेतलंच नाहीस. करंजपाड्याच्या टेकडीवर निवड स्पर्धा होती. पहिल्या दोघी राज्याच्या संघात जाणार होत्या आणि तू दुसरी चाललेलीस. चौदाव्या टोपलीला तुझी चकती जिथे पडली तिथे तू मार्कर ठेवलास. नियम काय, तर फेकताना पाय मार्करच्या मागे पाहिजे. तुझा पाय पुढे गेला. मी बाजूला प्रेक्षकांत उभी होते, मी शिट्टी मारली. फेकी लिहून घेणाऱ्या प्रीतमने तुला विचारलं, पाय पुढे होता का. तू मान खाली घातलीस आणि म्हणालीस, "लिही एक." म्हणजे तू स्वतः कबूल केलंस! दंडाची एक फेक लिहिली गेली आणि तू एका फेकीने तिसरी आलीस. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. वीस वर्षं कबड्डीची पंच होते मी. पाय बाहेर तर बाहेर. तिथे कोणाची मुलगी आहे ते बघायचं नसतं.

घरी आल्यावर तू म्हणालीस, "तू माझी आई नव्हतीसच कधी, पंचच होतीस." आणि आठवड्याच्या आत म्हैसूरच्या हॉस्पिटलात नोकरी धरून निघून गेलीस. फिजिओथेरपिस्टला ठाण्यात काय नोकऱ्या नव्हत्या? पण जाऊ दे. ते वाक्य मी विसरलेय.

ती सतरावी चकती, निळी, सातव्या टोपलीच्या घळीत गेली. कशी गेली म्हणून विचारशील. मी फेकली.

बॅगेचं कळव.

आई

*

कळवा
२४ नोव्हेंबर २०२५

मृणाल,

उत्तर नाही. बरं. पत्र परत आलेलं नाही, म्हणजे मिळालंय. बाबांना सहज विचारलं, तर म्हणाले, "वाचलं असेल कोणीतरी." त्यांच्या तोंडावरूनच कळलं कोणी वाचलं ते.

तर ऐक. दसऱ्यापासून मी दर रविवारी करंजपाड्याला जातेय. व्यायामासाठी. रिटायर झाल्यावर गुडघे बोलायला लागले, डॉक्टर म्हणाले, चढ चढा. कळव्यात चढ कुठे आहे? पारसिकचा डोंगर घरामागे आहे असं तू म्हणशील. गप्प बस.

सकाळी कल्याणच्या स्टँडवरून मुरबाडची एसटी, मुरबाडला जीप, जीप भरेपर्यंत अर्धा तास ताटकळायचं, आणि फाट्यावर उतरलं की पाऊण तास पायी. तू सहा वर्षं हे करायचीस आणि मी म्हणायचे, ताटल्या फेकायला एवढ्या लांब कशाला जायला पाहिजे, खाली मैदान आहे की.

पहिल्यांदा गेले तेव्हा प्रीतम टोपलीच्या साखळ्यांना तेल लावत बसलेला. हा मुलगा डोंबिवलीहून येतो, आठवडाभर कंपनीत लॅपटॉप बडवतो आणि शनिवार-रविवार त्या टेकडीची देखभाल करतो, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, तिथे कोणीतरी ऑफिसवाले असतील. मला बघून त्याचा चेहरा पडला. पहिलं वाक्य काय बोलला असेल? "काकू, शिट्टी आणलीय का?" मी म्हटलं, नाही. पर्समध्ये होती.

मी म्हटलं, मला शिकव. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. पहिल्या टोपलीला चढावर अशी फेकली की चकती वर गेली, वाऱ्याने वळली आणि माझ्याच मागे येऊन पडली. हौसाबाई म्हणून तिथल्या म्हातारबाई आहेत, टेकडीची जमीन त्यांची आहे. तुला माहीतच असतील, सगळ्यांना चहा त्याच देतात. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "बाय, पुढं फेकत्यात," म्हणाल्या. मला इतका राग आला की दुसरी चकती मी चांगली पन्नास पावलं फेकली.

आता जमतंय. पाचव्या टोपलीला ऐनाच्या झाडांमधली हातभर फट आहे, तिथून अजून जात नाही, दर वेळी खोडावर आपटते. पण नववी! कड्यावर उभं राहून खाली फेकायची ती. चकती हवेत किती वेळ राहते गं! खाली पिवळी पडलेली भाताची शेतं, लांबवर धरणाचं पाणी, आणि ती आपली डुलत डुलत चाललीय, खाली यायचं नावच नाही. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. तू घरी येऊन जेवताना सांगायचीस ना, "आई, आज नववीला अशी गेली, अशी गेली," आणि मी म्हणायचे, आधी भाजी वाढून घे.

एक गोष्ट सांगायचीय. सांगू की नको असं करत तीन वेळा पेन खाली ठेवलं.

मी प्रीतमला पहिल्याच दिवशी विचारलेलं, तुमचा पंच कुठे उभा राहतो. तो म्हणाला, "पंच नसतो काकू. चौघं खेळतात, चौघं एकमेकांचं लिहितात. आपला फाउल आपणच सांगायचा." मला हसू आलं. म्हटलं, अशाने कोणी सांगेल का! शाळेतली पोरं तर सोडच, मोठी माणसंसुद्धा सांगायची नाहीत.

काल आम्ही चौघं खेळत होतो. अकराव्या टोपलीला उतार आहे, फेकताना माझा पाय घसरला आणि मार्करच्या पुढे गेला. चांगला वीतभर. चकती थेट टोपलीत, साखळ्या खणखणल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी इकडेतिकडे बघितलं. कोणालाच दिसलं नव्हतं.

मृणाल, मी बोलले नाही. बारावी टोपली खेळले, बोलले नाही. तेरावी खेळले. सांगायचंय, सांगायचंय असं मनात चाललेलं आणि तोंड उघडत नव्हतं. मला स्वतःचीच किळस आली. शेवटी तेराव्या टोपलीतून चकती काढताना म्हटलं, "अकरावीला माझा पाय पुढे होता." प्रीतमने फोनमध्ये एक वाढवला. "ओके काकू," एवढंच म्हणाला आणि पुढे चालायला लागला. बाकीच्यांनी वळूनही बघितलं नाही. चौदाव्याला मात्र माझी चकती पाच पावलांवर पडली.

व्यायाम चांगला होतो. भूक लागते.

आई

*

कळवा
८ डिसेंबर २०२५

मृणाल,

व्यायामाचं खोटं होतं. तुला कळलंच असेल म्हणा.

मी चौदाव्या टोपलीसाठी जात होते. त्या दिवशी मी उभी होते त्या ऐनाच्या झाडापाशी उभं राहून मला बघायचं होतं, तिथून मार्करजवळचा पाय दिसतो की नाही. दिसला की तुला ठणकावून लिहायचं, बघ, दिसतो. एवढ्यासाठी एवढी वणवण. पण दर वेळी चौदावी आली की मी खाली मान घालून पुढे निघून जायचे, बघायचेच नाही. का ते मला विचारू नकोस.

शनिवारी सहा डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीला जाऊन आलो, पायांचे तुकडे पडलेले. तरी काल गेले. आज काय ते बघायचंच म्हणून गेले. प्रीतमला तुझ्या जागेवर उभं केलं, म्हटलं, पाय मुद्दाम पुढे टाक. त्याने टाकला. मी झाडापाशी उभी. मृणाल, लख्ख दिसला! बुटाची लाल नाडीसुद्धा दिसली. मी तिथल्या तिथे टाळी वाजवली. "दिसतो! दिसतो रे!" म्हणून ओरडले.

हौसाबाई शेळ्या घेऊन वर आलेल्या. म्हणाल्या, "काय घावलं बाय, येवढं?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्या बाईने कपाळाला आठ्या घातल्या. "तवा कुटं दिसनार? हितं करवंदीची जाळी व्हती ना. ह्यी मोठी. औंदा पावसाच्या आदी तोडली म्या, कुंपनाला."

मी म्हटलं, नव्हती. जाळी असती तर मला आठवली असती. प्रीतमने फोन काढला, शोध शोध शोधलं आणि माझ्या हातात दिला. त्या दिवसाचा फोटो. मी ऐनाला टेकून उभी, शिट्टी ओठांत. माझ्यापुढे करवंदीची जाळी, माझ्या छातीपर्यंत. आणि जाळीच्या पलीकडे तू, कमरेपासून वर.

मी तिथेच दगडावर बसले. हौसाबाईंनी चहा आणून हातात दिला, तो गार झाला.

मला तुझा पाय दिसलाच नव्हता गं. तू फेकताना पुढे वाकलीस, तोल गेल्यासारखी, तेवढं दिसलं. पाय माझ्या मनाने लावला. आणि दोन वर्षं मी बाबांना, खालच्या बाईंना, आरशातल्या स्वतःला सांगत राहिले की मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

का केलं तेही सांगते. माझ्या मागे दोन बायका उभ्या होत्या. तू मार्कर ठेवलास तेव्हा एक दुसरीला म्हणाली, "आईच उभी आहे ना बाजूला, आता काय." बस, एवढंच. एवढ्यासाठी मी शिट्टी मारली. माझ्या मुलीला मी झुकतं माप देते असं कोणी म्हणू नये म्हणून मी तुला आयुष्यभर उणं माप दिलंय. सातवीत खो-खोच्या संघातून तुला काढलं, तेव्हा तू शाळेत सगळ्यात चपळ होतीस. घरी तुला म्हटलं, दम कमी पडतो. दमबीम काही नाही, मुख्याध्यापिका काय म्हणतील या भीतीने काढलं. तू त्या दिवशी जेवली नाहीस आणि मी म्हटलं, नखरे करू नकोस.

आणि त्या टेकडीवर पाय पुढे नसतानाही तू मान खाली घालून "लिही एक" म्हणालीस. आईला चारचौघांत खोटं पाडायचं नाही म्हणून. असंच ना?

माझं चुकलं, मृणाल. पहिल्या पत्रात लिहिलं ते परत घेते. मला माफ कर, असं मी आयुष्यात कोणाला लिहिलेलं नाही. बरोबर लिहिलंय की नाही तेही माहीत नाही.

तुझी
आई

*

कळवा
२२ डिसेंबर २०२५

मृणाल,

तू उत्तर देशील म्हणून मी हे लिहीत नाहीये. काल एक गोष्ट केली, ती तुला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावी.

शिट्टी चारचौघांत मारली, तर चूकही चारचौघांतच सांगायला पाहिजे. काल महिन्याचा सामना होता, वीस-बावीस जण जमलेले. सुरुवातीला प्रीतम सगळ्यांना हौसाबाईंच्या अंगणात उभं करून सूचना देतो, तेव्हा मी म्हटलं, मला दोन मिनिटं दे. हजार पोरांपुढे बोललेय मी आयुष्यभर, पण काल पहिलं वाक्य दोनदा सुरू केलं. सगळं सांगितलं. मला काही दिसलं नव्हतं, मी खेळाडू नव्हते, शिट्टी मारायचा मला अधिकारच नव्हता. लोक काय म्हणतील म्हणून मारली. दंडाची ती फेक काढून टाका, म्हटलं.

मग प्रीतम म्हणाला, "काकू, दोन वर्षांपूर्वीचा निकाल आता नाही बदलता येत." मी म्हटलं, बदलू नको, पण सगळ्यांना माहीत असू दे.

पुढे जे झालं त्याचा मी विचारच केलेला नव्हता. रुचिता तिथे होती. तुझ्याऐवजी संघात गेलेली ती. तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "काकू, मग मी तिच्या जागेवर गेले का?" एकीची माफी मागताना दुसरीला दुखावून बसले, असं माझं काम. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, तू तुझं खेळलीस, तुझं काहीएक चुकलं नाही. तेव्हा ती रडायला लागली. म्हणाली, म्हैसूरला जायच्या आदल्या दिवशी तू डोंबिवलीला तिच्या घरी गेलेलीस आणि तुझी सगळ्यात लाडकी चकती तिला देऊन आलीस. वाऱ्यात ही सरळ जाते, घेऊन जा, असं म्हणालीस.

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तू मला न सांगता असं काय काय केलं असशील गं?

नंतर मी खेळले नाही. हौसाबाईंच्या ओट्यावर बसून वाटाणे सोलले. त्या म्हणाल्या, "बोललीस त्ये बरं क्येलंस. पोर यील का पन?" मी म्हटलं, माहीत नाही.

अठरा जानेवारीला जोड्यांची स्पर्धा आहे. दोघांनी मिळून एक डाव खेळायचा. प्रीतमने विचारलं, काकू, तुमचं नाव घालू का. मी म्हटलं, थांब जरा.

बाबांची तब्येत बरी आहे. हल्ली गॅलरीत न जाता हॉलमध्येच बसून तुझ्याशी बोलतात, मी समोर असले तरी. मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाते. कान मात्र तिकडेच असतात.

तुझी
आई

*

कळवा
९ जानेवारी २०२६

मृणाल, बाळा,

तुझं पत्र सोमवारी आलं. आज शुक्रवार. चार दिवस का लावले ते सांगते.

पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि जिन्यातच फोडलं. पहिली ओळ वाचली: "आई, माझा पाय खरंच पुढे होता, चार बोटं." आणि मी काय केलं असेल? लाज वाटते सांगायला. धावत वर गेले आणि बाबांना ओरडून म्हटलं, "बघा! मी बरोबर होते! पुढेच होता पाय!" घरभर नाचले मी, या गुडघ्यांनी. दोन वर्षांचं ओझं एका ओळीत उतरलं. बाबा शांतपणे म्हणाले, "पुढचं वाच."

पुढचं वाचलं. इथे उतरवून ठेवते, म्हणजे मला पुन्हा पुन्हा वाचायला लागेल:

"मला त्याच क्षणी कळलं होतं. मी सांगणारच होते. प्रीतमकडे वळले होते, तोंड उघडलं होतं, आणि तुझी शिट्टी वाजली. त्यानंतर मी काहीही बोलले असते तरी पकडल्यावर बोललेलं झालं असतं. सहा वर्षं त्या टेकडीवर मी माझे फाउल स्वतः सांगितले आणि शेवटी सगळ्यांच्या लक्षात काय राहिलं, तर मृणालला तिच्या आईने पकडलं. मला हरल्याचा राग नव्हता, आई. तू मला बोलू दिलं नाहीस. आता याला पुरावा नाही. फोटोत ते येत नाही, हौसाबाईला माहीत नाही. मी सांगणार होते, हे तुला खरं वाटतं का? वाटत असेल तर मी अठराच्या स्पर्धेला येते. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस, मला कळेल."

मी लगेच हो लिहायला बसले, आणि लिहिता येईना. कारण तू म्हणालीस तसंच झालं असतं. मी ज्या हाताने शिट्टी मारली त्याच हाताने पटकन हो लिहिलं असतं. खरं सांगू? पहिल्या दिवशी माझ्या मनात आलं, आता काय, आता कोणीही म्हणेल मी सांगणार होते. आलं मनात, खोटं कशाला बोलू. पोरं पकडली गेली की हेच म्हणतात, "बाई, मी सांगणारच होतो." चौतीस वर्षांत एकाचंही मी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सारखं ते पोरांचं वाक्य आठवत राहिलं. त्यातले काही खरंच सांगणार असतील ना गं? मी कधी थांबून बघितलंच नाही. विचारायच्या आधीच कान पिळलेला असायचा. आता कुठे कुठे असतील ती पोरं, संसाराला लागली असतील.

तिसऱ्या दिवशी मला माझी अकरावी टोपली आठवली. मला तोंड उघडायला दोन टोपल्या लागल्या, मृणाल. दोन. पाऊण तास. आणि त्या पाऊण तासात कोणी माझ्या कानाशी शिट्टी मारली असती, तर मीही कायमची चोर ठरले असते, आणि माझ्या आत जे सांगायचं चाललेलं ते कोणाला कळलंच नसतं. मला त्या टेकडीने पाऊण तास दिला. मी तुला एक श्वास घेऊ दिला नाही.

लहानपणापासून मी तुला किती वेळा विचारलं असेल, "खरं सांगतेस ना? माझ्या डोळ्यांत बघून सांग." शंभर वेळा, पाचशे वेळा. एकदाही तू खोटी निघाली नाहीस आणि एकदाही मी विचारायचं थांबले नाही. दर वेळी तू माझ्या डोळ्यांत बघायचीस. शेवटी शेवटी बघायचं बंद केलंस, ते माझ्या लक्षात आलं नाही.

कालपासून मी माझ्या मनाला सारखी चाचपून बघतेय, कुठे शंका उरलीय का म्हणून. आज सकाळी चहा गाळताना कळलं की मी तुझ्या पत्राबद्दल विचारच करत नव्हते. तू आलीस की तुला काय करून घालायचं याचा करत होते. सुकटाची चटणी आणि भाकरी खाशील ना, की म्हैसूरला डोसे खाऊन जीभ बदलली? तेव्हा बसले लिहायला.

हो, मृणाल. खरं वाटतं. तू सांगणार होतीस. पाय पुढे होता हेही खरं आणि तू सांगणार होतीस हेही खरं, आणि मी मध्ये आले. याला पुरावा नाही आणि मला तो नकोय.

प्रीतमला फोन करून दोघींची नावं दिलीत. तो म्हणाला, "काकू, नक्की?" मी म्हटलं, लिही. पाचव्या टोपलीची फट तुलाच मारावी लागेल, माझ्याने होत नाही. नववी मी फेकणार, त्यात तडजोड नाही. आणि माझा पाय कुठे गेला ते तू बघू नकोस, मी सांगेन. तुझं तू सांग, मी बघणार नाही.

गाडीचं तिकीट काढलंस की बाबांना कळव. ते कल्याण स्टेशनवर घ्यायला येतील, मी घरी थांबते. तुला गाडीतून उतरताना बघितलं तर मी प्लॅटफॉर्मवरच रडायला लागेन, आणि आईला रडताना बघायची तुला सवय नाही.

वरचं खोडत नाही, राहू दे तसंच. पण गाडीचं बाबांना नको कळवूस. मला कळव. मीच येते.

आई